ज्याचा आवाज, त्याचं नाव

नीलाताई गुप्तेला ऑफिसात कोणी ‘मॅडम’ म्हटलेलं खपायचं नाही, आणि ‘आंटी’ म्हणायची कोणाची टाप नव्हती. पवईच्या त्या काचेच्या इमारतीत मी कामाला लागलो, त्या सकाळी मॅनेजर मला तिच्या टेबलापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, “नीला, हा तुझ्या टीमला नवीन रिसोर्स.” तिने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“रिसोर्सला घरी काय म्हणतात?”

“समीर.”

“राहतोस कुठे?”

“मुलुंडला.”

“डबा आणलायस?”

मी नाही म्हणालो. “मग आज माझ्यातला खा. बस इथे.” कंपनीने मुलाखतींत मला बरंच काय काय विचारलं होतं, पण दुपारी जेवणार काय, हे विचारणारी ही पहिलीच. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत होतो. एकदा ती वैतागून म्हणाली, “तुझ्या सख्ख्या बहिणीला अहो म्हणतोस काय रे?” तेव्हापासून ती अगं झाली.

ठेंगणी, अंगाने भरलेली, केस पांढरे झाले तसे ठेवलेले. सुती साडी आणि खाली धावायचे बूट. ते बूट बघून नव्या पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. लिफ्ट बंद पडली की त्याच पोरी हातात सँडल घेऊन धापा टाकत जिना चढायच्या आणि नीलाताई केव्हाच वर पोचून चहा पीत असायची. स्वभाव म्हणाल तर अजिबात गोड नव्हता. चहा पाणचट झाला की करणाऱ्याला तोंडावर सांगायची. लांबलचक ईमेल आली की वाचायची नाही, उठून पाठवणाऱ्याच्या टेबलापाशी जायची आणि म्हणायची, “आता तोंडाने सांग.” कौतुक करायचं तर तिच्या अगदी जिवावर यायचं. काम फारच आवडलं की ती म्हणायची, “चालेल.” त्या ‘चालेल’साठी आम्ही मरमर मरायचो.

नावांच्या बाबतीत तर ती हट्टीच होती. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बायकांच्या पाठीवर ‘हाउसकीपिंग’ असं छापलेलं होतं, आणि लोक खुशाल त्यांना ‘ओ हाउसकीपिंग’ म्हणायचे. नीलाताईला त्या सगळ्यांची नावं ठाऊक होती, आणि कोणाचं सुनेशी पटत नाही तेसुद्धा. परदेशातला क्लायंट फोनवर ‘हॅलो टीम इंडिया’ म्हणाला की ती माइक बंद करून पुटपुटायची, “टीम इंडिया म्हणे. बॅट आणू का?” कोडमध्ये कोणी घाईघाईत एखाद्या गोष्टीला ‘टेंप’, म्हणजे तात्पुरतं, असं नाव दिलं की त्याची धडगत नसायची. “टेंप कोण? काय काम करतो? काम करतो तर त्याला नाव का नाही?” आम्ही तिच्या मागे तिची नक्कल करायचो. तिला ते माहीत होतं आणि नक्कल नीट जमत नाही, अशी तिची तक्रार होती.

हे तिचं काहीतरी तत्त्वबित्त्व असेल अशी माझी समजूत होती. विलेपार्ल्याला तिच्या घरी गेलो तेव्हा कळलं की तसं काही नाही. त्या घरात नावाशिवाय कोणाला काही सापडायचंच नाही.

पार्ले पूर्वेला, जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिचा धाकटा भाऊ श्रीकांत राहायचे. श्रीची दृष्टी कॉलेज संपता संपता कमी व्हायला लागली आणि पुढच्या काही वर्षांत गेली. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला कळायचं. भावासाठी नीलाने लग्न केलं नाही, असं शेजारीपाजारी हळहळत म्हणायचे. तिला ही हळहळ सहन व्हायची नाही. म्हणायची, “नकार द्यायला मला भाऊ कशाला लागतोय? मला तोंड आहे ना.”

पहिल्याच दिवशी मी श्रीसाठी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “हे पाणी इथे ठेवलंय.” त्यावर दोघं भाऊबहीण खो खो हसायला लागली.

“इथे म्हणजे कुठे रे बाबा?” श्री म्हणाला. “पार्ल्यात?”

त्या घरात ‘हे’, ‘ते’, ‘तिकडे’ या शब्दांचा काही उपयोग नव्हता. पेला म्हणजे कोणता पेला, आणि तो कशाच्या उजवीकडे, हे बोलावं लागायचं. इतकी वर्षं तसं बोलून बोलून नीलाताईच्या जिभेला ते वळणच पडलं होतं, आणि ऑफिसात आम्ही त्यालाच तिचा हट्ट म्हणत होतो.

दृष्टी नसलेल्यांसाठी लोक हौसेने पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. ती रेकॉर्डिंग साफ करून द्यायचं काम श्री करायचा. कोणाची खोकल्याची उबळ, पान उलटल्याचा आवाज, मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी, सगळं तो अलगद काढून टाकायचा. त्याचा कॉम्प्युटर बोलका होता. पडद्यावर जे असेल ते स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम त्याला वाचून दाखवायचा, इतक्या भरभर की मला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

मी बहुतेक शनिवारी त्यांच्याकडे जायला लागलो. कारण सांगायचं ते कामाचं, खरं कारण बिरडं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून नीलाताई सोलत बसायची आणि आलेल्याच्या पुढ्यातही एक वाटी सरकवायची. वाल सोलताना तिचं डोकं चालायचं. तिची कामाची पद्धत अशी की कोडमधली कुठलीही भानगड आधी श्रीला मराठीत समजावून सांगायची आणि मगच की-बोर्डला हात लावायचा. श्रीला कोड येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. तो फक्त मधून मधून विचारायचा, “म्हणजे?” दोन-तीन ‘म्हणजे’ झाले की तिची चूक तिलाच सापडायची.

तिच्या आजाराचं तिने मला पवईत सांगितलं. जेवण झाल्यावर तलावाकाठी एक चक्कर मारायची आमची सवय होती. चालता चालता म्हणाली, “मागे ऑपरेशन झालं ना माझं, ती गाठ परत आलीय. आता बरं व्हायचं नाही, थोपवून धरायचं. असलं तोंड करू नकोस रे. मला काम आहे.”

काम श्रीचं होतं. सगळ्यात मोठा भाऊ मधूदादा नाशिकला असायचा. त्याने सांगून टाकलं होतं, तुझ्यानंतर श्रीला मी घेऊन जाईन. “दादा चांगला आहे,” नीलाताई म्हणाली. “खोली देईल, गरम जेवण देईल, काही कमी करणार नाही. पण श्रीला जायचं नाहीये. तिथे तो मधूभाऊंचा आंधळा भाऊ होणार. इथे तो श्रीकांत गुप्ते आहे. वाणी ओळखतो, नाक्यावरचे रिक्षावाले ओळखतात, त्याचं त्याचं काम आहे. तो एकटा राहू शकतो, हे दादाला पटलं पाहिजे. दादाचं सोड, श्रीला पटलं पाहिजे.”

मग ती हात धुऊन त्या कामाच्या मागे लागली. श्री दिवसभरात कशाकशासाठी तिला बोलावतो, ते ती बघायची आणि तेवढं कारण नाहीसं करायची. मसाल्यांच्या बरण्यांवर खुणा झाल्या, कपाट नव्याने लागलं, गॅसच्या शेगडीची बटणं बदलली. श्री कधी कधी चिडायचा, “ताई, तू मला घराबाहेर काढतेयस की स्वतःला?” ती पुढच्या बरणीवर खूण करायला घ्यायची.

अशात एक दिवस श्रीचा कॉम्प्युटर मुका झाला.

झालं ते असं. रेकॉर्डिंग ऐकता यावं म्हणून श्री आवाजाच्या पॅनेलमध्ये जाऊन गाण्यांचा प्रोग्रॅम गप्प करायला गेला. कुठले कुठले प्रोग्रॅम आवाज करतायत, ते त्या पॅनेलमध्ये एकाखाली एक दिसतं. पण त्याच्याकडे गाण्यांचा प्रोग्रॅम, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आणि खुद्द स्क्रीन रीडर, तिघांचं नाव एकच यायचं. रीडर त्याला वाचून दाखवायचा, “मीडिया ॲप्लिकेशन. मीडिया ॲप्लिकेशन. मीडिया ॲप्लिकेशन.” डोळस माणूस हलणाऱ्या पट्ट्या बघून ओळखेल. श्रीने अंदाजाने एकाला गप्प केलं आणि ते नेमकं रीडरला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर कोणीच बोलेना.

त्याने ताईला फोन लावला. ती हॉस्पिटलात सलाईनला होती, फोन पर्समध्ये. मग त्याने नाइलाजाने मधूदादाला फोन केला. दादा बिचारा नाशिकहून काय करणार? तो एवढंच म्हणाला, “हेच मी सांगत होतो, श्री.”

संध्याकाळी मी नीलाताईला हॉस्पिटलातून घरी सोडायला गेलो होतो. श्री बंद कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेला. जेवला नव्हता. म्हणाला, “दादा बरोबर बोलतोय. जातो मी नाशिकला.” नीलाताई पर्ससुद्धा खाली न ठेवता त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि कॉम्प्युटर चालू केला. तिला उभं राहवत नव्हतं, हे श्रीला दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं.

आधी पॅनेलमध्ये जाऊन तिने रीडरला परत बोलता केलं, मग मूळ कुठे आहे ते शोधून काढलं. आवाज काढायचं काम बहुतेक प्रोग्रॅम स्वतः करत नाहीत. त्यासाठी एक तयार लायब्ररी असते. इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही, कोडची. जगभरातली हौशी मंडळी ती फुकट सांभाळतात. प्रोग्रॅम लायब्ररीला सांगतो, लायब्ररी कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर विचारतो, आवाज कोणाचा? तिथे ही लायब्ररी ज्याचा आवाज त्याचं नाव न सांगता सरसकट ‘मीडिया ॲप्लिकेशन’ असं ठोकून द्यायची. वर कॉम्प्युटर आवाजाची पातळी नावाने लक्षात ठेवतो. नाव सगळ्यांचं एकच, म्हणून एकाला गप्प केलं की पुढच्या वेळी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

“म्हणजे?” श्री म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो पुन्हा म्हणजे म्हणाला होता.

“म्हणजे शाळेत एका पोराने दंगा केला आणि हजेरीत सगळ्यांचं नाव ‘विद्यार्थी’ असं आहे. बाईंनी ‘विद्यार्थी’ला वर्गाबाहेर काढलं.”

“मग नावं लिही ना हजेरीत.”

“तेच करतेय.”

त्या लायब्ररीत कोणीही दुरुस्ती पाठवू शकतं. ती सांभाळणारे तपासून घेतात आणि पटली तर सामील करतात. नीलाताईने पहिली दुरुस्ती झटक्यात केली. चालू असलेल्या फाइलीचं जे नाव, तेच प्रोग्रॅमचं नाव म्हणून सांगायचं. स्वतःवर खूश होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या कामाला ‘झकास’ म्हणताना मी ऐकलं. श्रीने पॅनेल उघडलं. रीडर म्हणाला, “पायथन. पायथन. पायथन.”

श्रीचे तिन्ही प्रोग्रॅम पायथन नावाच्या भाषेत लिहिलेले होते, त्यामुळे चालू दिसायचा तो त्या भाषेचा प्रोग्रॅम. हे नीलाताईला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे एकदा तरी इथेच आपटतात. श्री हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

“वाट लागली,” नीलाताई म्हणाली. “मी पोराला नाव विचारायचं सोडून त्याला शाळेत सोडणाऱ्या रिक्षावाल्याचं नाव लिहिलं.”

दुसरी दुरुस्ती तिने सावकाश केली. आता ती ऑफिसात येत नव्हती. वाल सोलायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि ती सोफ्यावर पडल्या पडल्या बोलायची. आधी प्रोग्रॅमलाच नाव विचारायचं. त्याने नाव सांगायच्या आत लायब्ररी कॉम्प्युटरशी बोलायला धावायची, तिला जरा थांबवायचं. प्रोग्रॅमने नाव सांगितलं नाही तर फाइलीचं नाव. तेही मिळालं नाही, तरच ते ‘मीडिया ॲप्लिकेशन’. एवढं झाल्यावर तिने श्रीच्या तिन्ही प्रोग्रॅमच्या कर्त्यांना लिहिलं की बाबांनो, नाव विचारलं तर सांगत चला.

लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी एकाने उत्तर पाठवलं. सभ्य होतं, पण मतलब असा की हा फक्त दिसण्यापुरता प्रश्न आहे, सवडीने बघू. नीलाताई ते वाचून इतकी भडकली की मला वाटलं तिचा आजार पळाला. “दिसण्यापुरता? ज्याला दिसतं त्याला.” लिहायला बसली, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग तिने श्रीला बोलावून लायब्ररीच्या जुन्याच आवृत्तीवर पॅनेल उघडायला लावलं आणि त्याचा आवाज रेकॉर्ड केला. रीडर तीनदा तेच नाव घेतो, श्री ऐकतो, एक निवडतो, आणि मग काही नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेत श्रीने बटणं दाबत राहिल्याचा टकटक आवाज. ती रेकॉर्डिंग तिने पाठवून दिली. बरोबर एकच ओळ लिहिली की हा माझा भाऊ श्रीकांत आहे आणि तो घरी एकटा आहे.

या खेपेला उत्तर लवकर आलं. त्या माणसाने माफी मागितली, दोन बारीकशा सुधारणा सांगितल्या आणि दुरुस्ती सामील केली. मी म्हणालो, “ताई, पार्टी पाहिजे.” ती म्हणाली, “चालेल.” ते तिने त्या परदेशी माणसाला म्हटलं की मला, कळलं नाही.

नवीन आवृत्ती श्रीच्या कॉम्प्युटरवर आली तोवर नीलाताई निम्मी झाली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. सोफ्यावर उशांना टेकून बसली होती, आणि मी आत शिरताच तिने डबा आणलाय का विचारलं नाही, एवढ्यावरूनच मला काय ते समजलं. मधूदादा आदल्या आठवड्यात येऊन गेला होता. दिवसभर खुर्चीत बसून श्रीला बघत होता म्हणे. श्रीने काम केलं, भात लावला, जेवण वाढलं, वाण्याला फोन केला. दादा निघताना एवढंच म्हणाला, “राहू दे त्याला इथे.” हे सांगताना ती हसली, आणि मला वाटलं, झालं, जिंकली ही बाई.

आतल्या खोलीत श्री कामाला बसलेला, दार उघडं. गाण्यांचा आवाज चालू होता. रीडर भरभर वाचत होता. मला आता त्यातलं थोडंफार कळायला लागलं होतं. तीन नावं आली, तिन्ही वेगळी, ज्याची त्याला. मध्येच सगळं थांबलं आणि नीलाताई अर्धवट उठली. दोन्ही हात सोफ्यावर रोवून ती कान देऊन तशीच राहिली. मग गाणं हळू झालं, अगदी मागे गेलं, आणि कोण्या बाईंचा पुस्तक वाचण्याचा आवाज पुढे आला. श्री गुणगुणत कामाला लागला. ती परत टेकली.

“बघितलंस? नाही बोलावलं मला.”

“मस्त झालं ना ताई.”

“हो. मस्त झालं.” ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. “वाईट वाटतंय रे. मीच केलं सगळं आणि मलाच वाईट वाटतंय. इतकी वर्षं वैतागायचे मी, पोळी लाटू देत नाही, आंघोळ करू देत नाही, सारखं आपलं ताई, ताई. आता सकाळपासून एकदाही नाही.”

मी तिचा हात हातात घेऊन बसून राहिलो. तो हात गार होता.

त्यानंतर मला ती दिसली नाही. श्री अजून त्याच घरात राहतो, एकटा, आणि त्याचं बरं चाललंय. शनिवारी मी जातो. वाल तो सोलतो, मी नुसता बोलतो, आणि पेला कुठे ठेवला ते नीट सांगतो. पण तिची आठवण आली की मला आठवते ती त्या दिवशीची, मी निघालो तेव्हाची. मी नको नको म्हणत असताना ती भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली. म्हणाली, मुलुंडला पोचलास की कळव. मी जिना उतरायला लागलो. दार लावल्याचा आवाज आला नाही, म्हणून वळणावर थांबून वर बघितलं. ती उंबऱ्याशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून, आत तोंड करून.

“श्री,” तिने हाक मारली.

“काय गं?” आतून आवाज आला. “काय हवंय?”

“काही नाही रे,” ती म्हणाली. “तू कर तुझं काम.”